महासाथीतलं रोजचं जगणं : किती धोका पत्करायचा, हे घरात कोण ठरवायचं?

उंबरठा

नमस्कार मंडळी. विषय जुना आहे, मुद्दाम उकरून काढतेय. ३० जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची आणीबाणी जाहीर केली, ११ मार्चला तिला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ ला आणीबाणी उठवली. या सव्वातीन वर्षांवर भरपूर लिहून झालंय, पण ते बहुतेक सरकारं, लशी आणि आलेखांबद्दल. घराघरांत रोज जी घासाघीस चालायची, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आमच्या घरात चार माणसं आणि चार तऱ्हांची भीती. सासऱ्यांना हृदयविकार, आणि तेच सगळ्यांत बिनधास्त. नवरा बाहेरून आलेली प्रत्येक पिशवी पुसून घ्यायचा, पण ऑफिसात बंद खोलीत दोन-दोन तास मीटिंगला बसायला त्याची ना नसायची. मुलगी सतराची, तिला मैत्रिणी हव्या. आणि मी मधल्यामधे. दात दुखतोय, दाखवायचा की कळ काढायची? केस कापायला जायचं का? वाढदिवसाला 'पाच मिनिटं तोंड दाखवून' यायचं का? प्रत्येक वेळी तोच वाद पहिल्या पायरीपासून.

शेवटी वैतागून एका रात्री सगळ्यांना बसवलं. सगळंच टाळणं जमणार नाही, हे आधी सर्वांकडून कबूल करून घेतलं. मग जो धोका घ्यायचाच आहे तो कशावर खर्च करायचा, ते आपण आधीच ठरवू म्हटलं. सासऱ्यांनी संध्याकाळी मित्रांबरोबर बाकावर बसणं मागितलं. मुलीनं एक मैत्रीण मागितली, एकच, आणि तीही उघड्यावर. मी माझ्या आईला भेटणं मागितलं. नवऱ्यानं बराच वेळ विचार करून 'मला काही नको' असं सांगितलं, त्यावर सासरे म्हणाले, "मग त्या मीटिंगा सोड." कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. भांडणं थांबली नाहीत, पण निदान एकेकाच्या तब्येतीवरून आणि स्वभावावरून टोमणे मारणं थांबलं.

तुमच्याकडे कसं होतं? कोणाचं चालायचं? आणि कोणत्या सवयी खरंच कामाच्या निघाल्या, कोणत्या नुसत्याच मनाच्या समाधानाच्या?

---

दशांश

छान धागा. 'खर्च' हा शब्द मला फार पटला, कारण धोका मोजणारे लोक असाच हिशेब मांडतात. दहा लाखांत एक इतक्या मृत्यूच्या शक्यतेला 'मायक्रोमॉर्ट' म्हणतात. स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी हे एकक काढलं. फायदा हा की मोटारसायकलचा प्रवास, भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया आणि आजाराचा संसर्ग एकाच मापानं मोजता येतात.

पण कोविडच्या बाबतीत घरातल्या दोघांचं माप एक धरणं हीच मोठी गफलत होती. लस येण्याआधीच्या आकड्यांवरून बोलायचं तर वय साधारण सहा-सात वर्षांनी वाढलं, की संसर्ग झाल्यावर मरण्याचा धोका दुप्पट व्हायचा. सतराची मुलगी आणि पंच्याहत्तरीचे आजोबा यांच्यात हे दुप्पट होणं आठ-नऊ वेळा घडतं. म्हणजे काही शे पट फरक. ती बाहेर जाते तेव्हा पैसे तिच्या खिशातून जातच नाहीत, आजोबांच्या जातात. त्यामुळे 'मला काही होत नाही' हे तिचं म्हणणं बरंचसं खरं असूनही निरुपयोगी असतं.

---

कानामात्रा

आमच्याकडे एकच नियम होता : आई म्हणेल ते. मायक्रोमॉर्ट वगैरे काही लागलं नाही. :))

---

झरोका

व्यवसायानं मी इमारतींच्या वायुवीजनाचं काम करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाला हात घालतो.

पिशव्या पुसणं हे समाधानाचंच होतं. अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्यानं संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. हात धुणं तरी चालूच ठेवा, कारण पोटाचे विकार आणि इतर बरेच विषाणू हातांवरूनच पसरतात. पण या विषाणूची खरी वाट हवेतून होती.

२०२० च्या १० मार्चला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत एका गायनवृंदाची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसं, त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं. नंतर खात्रीचे आणि संशयित मिळून आणखी ५२ जण आजारी पडले, दोघं दगावले. कोणी नामांकित गायक नव्हते ते, तुमच्या-माझ्यासारखी गाण्याची आवड असलेली माणसं. एकानं एवढ्यांच्या तोंडावर शिंकणं शक्य नाही. जोरात गाताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद हवेत साठत गेले.

आता गंमत बघा. याच महिन्यात, २८ मार्चला, जागतिक आरोग्य संघटना जाहीरपणे सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. जुलैत लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, त्याला २३९ शास्त्रज्ञांचा पाठिंबा होता. तरी संघटनेनं सरळ शब्दांत मान्य करायला बराच काळ लावला. तोवर लोक दाराच्या कड्या पुसत होते आणि खिडक्या लावून बसत होते. याला मी लोकांचा दोष मानत नाही.

घरच्या माणसाला समजावताना मी एवढंच सांगतो : खोलीत कोणी सिगारेट ओढत असेल तर तुम्हाला धूर कुठे आणि किती वेळानं लागेल? हवेतला विषाणू जवळजवळ तसाच. शेजारी बसलात तर लगेच, बंद खोलीत दूर बसलात तरी थोड्या वेळानं, उघड्या मैदानात जवळजवळ नाही. जपाननं २०२० च्या मार्चमध्येच तीन गोष्टी टाळायला सांगितलं होतं : बंद जागा, गर्दीच्या जागा, आणि जवळून बोलणं. सगळ्या जगात मला इतकी सुटसुटीत सूचना दुसरी दिसली नाही.

---

सावधान_विश्राम

एवढ्या गणितांनंतर खरं सांगू? शेवटी सगळं नशीब. माझ्या ओळखीत जे मास्क लावून, हात धुऊन, घरात कोंडून राहिले त्यांनाच झाला. आणि शेजारचे एक गृहस्थ रोज दहा ठिकाणी फिरायचे, त्यांना काही नाही. काळजी करणाऱ्यांनी फक्त रक्तदाब वाढवून घेतला.

---

दशांश

@सावधान_विश्राम, नशिबाचा भाग मोठा होता, इथपर्यंत तुमच्याशी पूर्ण सहमत. हा आजार फार विषम पसरायचा. बहुतेक बाधित माणसं कोणालाच लागण देत नसत, किंवा एखाद्याला देत. साधारण १० ते २० टक्के बाधितांकडून जवळजवळ ८० टक्के प्रसार झाला, असा अंदाज अनेक अभ्यासांत आला. म्हणून तुमचे गृहस्थ दहा ठिकाणी फिरूनही सुटले यात नवल नाही. त्यांची त्या १० टक्क्यांशी बंद खोलीत गाठ पडली नाही, इतकंच.

पण यातून निघणारा निष्कर्ष तुमच्या उलट आहे. धोका सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, तो थोड्या प्रसंगांत एकवटलेला असतो. असे चार-दोन प्रसंग टाळले तर बाकी ठिकाणी बऱ्यापैकी मोकळं वागता येतं.

---

सावधान_विश्राम

ते चार-दोन प्रसंग कोणते हे आधी कसं कळणार पण?

---

झरोका

माणसं किती, वेळ किती, आवाज किती, खिडकी उघडी की बंद. चारही उत्तरं वाईट आली की तो प्रसंग. एवढं दारात उभं राहून कळतं.

---

रात्रपाळी

रुग्णालयात परिचारिका आहे. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहितेच.

वॉर्डात आम्हाला भीती वाटायची, पण तिथे सगळं ठरलेलं असायचं. पोशाख कुठे उतरवायचा, आधी हातमोजे की आधी गाउन, हात कधी धुवायचे, सगळी क्रमवारी लावलेली. खरी पंचाईत घरी. घरात बाधित माणूस एका खोलीत ठेवला की नातेवाईक दारावर पाण्याचे ग्लास पोचवायचे आणि खोलीचं दार अर्धं उघडं ठेवायचे, 'हाक मारली तर ऐकू यावी' म्हणून. मी फोनवरून सांगायचे : दार लावा, त्याच्या खोलीची खिडकी उघडा, त्या खोलीला लागून न्हाणीघर असेल तर तिथला हवा बाहेर टाकणारा पंखा दिवसभर चालू ठेवा, आणि हाक मारायला फोन आहे. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून लावा. हे करायला काही खर्च नाही, आणि औषधांइतकंच महत्त्वाचं.

मास्कबद्दल एक. एन९५ चांगला, कारण अगदी बारीक कणांपैकीही निदान ९५ टक्के तो अडवतो, पण चेहऱ्याला बसला तरच. चष्मा धुरकटतोय याचा अर्थ नाकापाशी फट आहे. ती धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीनं दाबली तर मधे टोक येतं, म्हणून दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या मध्यापासून बाजूला दाबत न्यायची. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. आणि कृपा करून धुऊ नका. त्याच्या थरांवर विद्युतभार असतो, त्यानंच बारीक कण धरले जातात. साबणानं तो जातो, मास्क दिसायला मात्र नवाकोरा दिसतो.

ऑक्सिमीटरवरून रात्री किती फोन आले असतील! आकडा ८८ दिसला की घर हादरायचं. आधी विचारायचे, हात गार आहेत का? नखाला रंग आहे का? हात चोळून गरम करा, बसून राहा, बोट हलवू नका, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, मग वाचा. तरीही कमीच असेल तर मात्र वाट पाहू नका. या आजारात काही लोकांना धाप न लागताच प्राणवायू खाली जायचा, गप्पा मारत असायचे आणि आकडा मात्र वाईट. अजून एक गोष्ट फार घरांत माहीत नव्हती : सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. २०२० च्या शेवटी अमेरिकेतल्या अभ्यासात ते ठळकपणे पुढे आलं. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तो सकाळपासून कसा उतरतोय ते बघायचं.

---

कानामात्रा

@रात्रपाळी, दंडवत. वाचनखूण साठवली. माझा धुतलेला एन९५ अजून ड्रॉवरमध्ये आहे, आज त्याला निरोप.

---

वेलांटी

माझ्या नवऱ्याची किडनी प्रत्यारोपणाची. शरीरानं ती नाकारू नये म्हणून तो रोज जी औषधं घेतो, ती प्रतिकारशक्तीच दाबतात. अशा माणसांना लशीचाही असर कमी. त्यामुळे ५ मे २०२३ ही तारीख आमच्या घरात आली तशी गेली.

वर सगळे हवा आणि आकडे सांगतायत, ते बरोबरच आहे. पण मला सगळ्यांत जड गेला तो संकोच. अनोळखी माणसापासून लांब उभं राहणं सोपं. माझी नणंद मात्र जिना चढून आली, दारात पोचली आणि आत पाऊल टाकता टाकता तिनं मास्क उतरवून पर्समध्ये ठेवला. रस्ताभर लावलेला. का, तर 'आता काय, घरीच आले'. ज्या एका जागी त्याची गरज होती तिथेच तो निघाला. आणि मी, जिला ओरडायला हवं होतं, ती 'बसा वन्सं' म्हणत खिडकी उघडायला गेले.

माणसाला आपल्या माणसाची भीती वाटत नाही, वाटली तर अपराधी वाटतं. मग मी आधीच फोनवर सांगायला लागले. दारात सांगितलं की ते अपमानासारखं लागतं, दोन दिवस आधी सांगितलं की ती व्यवस्था होते. वाक्यही ठरवून टाकलं होतं : "यांच्या डॉक्टरांनी घरातही मास्क लावायला सांगितलंय, सगळ्यांनाच." डॉक्टरांच्या नावावर ढकललं की कोणी वाद घालत नाही. यावर कोणी मला खोटारडी म्हटलं तरी चालेल, पण डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते.

---

उंबरठा

@वेलांटी, 'दोन दिवस आधी' हे फार मोलाचं. आमच्याकडचे निम्मे वाद उंबरठ्यावर झाले, आयडी उगाच नाही घेतलेला.

---

एकटा_जीव

सगळ्यांच्या घरात घासाघीस करायला माणसं होती हे वाचून थोडा हेवा वाटला. मी एकटा राहतो. माझा संसर्गाचा धोका जवळजवळ शून्य होता, कारण मी कोणाला भेटतच नव्हतो. पण त्यामुळे माझं बरं चाललं होतं असं नाही. झोपेचं तंत्र बिघडलं, दुपारी चारला दिवस सुरू व्हायचा. दिवसभरात तोंडातून शब्दच निघाला नाही, हे संध्याकाळी फोन आल्यावर घसा बसलेला निघाला की कळायचं.

न्यूझीलंडनं पहिल्या टाळेबंदीत 'बबल' ही कल्पना आणली : आपल्या घरापुरतं एक वर्तुळ, आणि एकट्या माणसाला त्यात कोणा जवळच्याला घेता यायचं. इंग्लंडनंही २०२० च्या जूनमध्ये एकट्या राहणाऱ्यांना एका घराशी जोडून घ्यायची मुभा दिली. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. एकटेपणा हाही तब्येतीवरचाच धोका आहे, असं तिथे नियमातच धरलं होतं. मी पुढे एका मित्राच्या कुटुंबाला सरळ विचारलं, 'मला तुमच्यात घ्याल का?' विचारायला लाज वाटली खूप. त्यांनी अट घातली, की मी कुठे गेलो-आलो ते त्यांना सांगायचं. बायकोलाही इतका हिशेब कोणी देत नसेल, पण मी आनंदानं दिला.

---

बाकावरचा

मास्तर आहे, म्हणून मास्तरी करतो. खिडक्या उघडण्याचं शहाणपण नवं नाही. क्षयरोगाच्या काळात, १९०८ साली, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात उघड्या हवेची शाळा काढली होती. थंडीत मुलं पायापर्यंत जाड पिशव्यांत गुंडाळून बाकांवर बसायची आणि खिडक्या सताड उघड्या. १९१८ च्या इन्फ्लुएंझात फिलाडेल्फियानं उलटं केलं : २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी मिरवणूक, सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर. थोड्याच दिवसांत तिथली रुग्णालयं भरून वाहिली. सेंट लुईसनं लवकर गर्दी बंद केली, तिथे मृत्युदर बराच कमी राहिला.

आमच्या शाळेत वर्ग सुरू झाले तेव्हा व्यवस्थापनानं दारात ताप मोजायचं यंत्र आणलं, हात फवारायचं यंत्र आणलं, आणि वातानुकूलन चालावं म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मी रोज तास सुरू व्हायच्या आधी दोन खिडक्या उघडायचो, शिपाई दुपारी येऊन लावायचा. आम्ही दोघं याबद्दल कधीच बोललो नाही.

तापाचं सांगायचं तर या आजारात लक्षणं दिसायच्या आधीच माणूस इतरांना लागण देऊ शकतो, अगदी आदल्या दिवशी सगळ्यांत जास्त. कपाळावर यंत्र धरून काय सापडणार?

---

कानामात्रा

एक खरंच शंका. घरच्या घरी करायच्या झटपट चाचणीवर किती भरवसा ठेवायचा? आमच्याकडे सगळे 'निगेटिव्ह' होऊन एकत्र जमले आणि तरी दोघांना झाला.

---

रात्रपाळी

ती चाचणी 'हो' म्हणाली तर बहुतेक खरं. 'नाही' म्हणाली तर आत्ता या घटकेला नाकात पुरेसा विषाणू सापडला नाही, एवढंच. लक्षणं नसलेल्या बाधितांपैकी निम्म्याहून थोडेच जास्त तिच्यात सापडायचे. आदल्या रात्री केलेली चाचणी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत शिळी होते. भेटायच्या ऐन आधी करावी आणि तरी खिडकी उघडी ठेवावी. लक्षणं असतील तर निकाल काहीही येवो, जाऊ नये. आणि पहिली 'नाही' आली तर एक-दोन दिवसांनी पुन्हा करावी.

---

सावधान_विश्राम

बरं, हवेचं पटलं. पण तुम्ही सगळे एक गोष्ट सोडताय. माणूस थकतो. पहिले काही महिने मी पण कडक होतो. नंतर रोज प्रत्येक गोष्टीचा विचार करायचा कंटाळा आला, मग सगळंच सोडलं. माझ्यासारखे लाखो असतील.

---

दशांश

हो, आणि याची दखल घेतली गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०२० च्या शरद ऋतूत या थकव्यावर खास मार्गदर्शन काढलं. त्यात हा थकवा बेजबाबदारपणा धरलेला नाही, लांबलेल्या संकटाला माणसाचा अपेक्षित प्रतिसाद धरलाय.

मला वाटतं थकवतो तो नियम नव्हे, रोजचा निवाडा. उंबरठा यांच्या कागदाचं मोल तिथेच आहे. एकदा ठरवलं की डोकं मोकळं. 'कडक' आणि 'सगळंच सोडलं' या दोनच पायऱ्या ठेवल्या की माणूस वरून थेट खालीच येतो. बाकावर बसणं चालू आणि बंद हॉलमधलं लग्न बंद, अशी मधली पायरी वर्षभर टिकते.

---

वेलांटी

@उंबरठा, त्या कागदावर नेमकं काय लिहिलं होतं? नमुना मिळेल का? आणि नकार द्यायचा अधिकार कोणाला होता?

---

झरोका

तोवर एक भर घालतो. पुढच्या वेळी वापरायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या किंवा कोणाचा तरी उसना आणा. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. खोलीत ८०० च्या खाली असेल तर हवा बरी खेळते आहे, दीड हजारच्या वर गेला तर तुम्ही एकमेकांचीच सोडलेली हवा पुन्हा घेताय. विषाणू तो मोजत नाही, फक्त हवा किती बदलते ते सांगतो, त्यामुळे हवा गाळायचं यंत्र चालू असलं तर आकडा तोच राहूनही धोका कमी झालेला असतो. एकदा रात्री दार-खिडकी लावून झोपा आणि सकाळी आकडा बघा. खिडकीबद्दल घरात पुन्हा वाद होणार नाही. :)

---

उंबरठा

@वेलांटी, नमुना असा काही खास नाही. डाव्या बाजूला चार नावं, प्रत्येकासमोर त्यानं मागितलेली एक गोष्ट. खाली तीन ओळी : उघड्यावर असेल तर विचारायची गरज नाही. बंद जागेत असेल तर मास्क, आणि आधी सगळ्यांना सांगायचं. कोणाचाही घसा खवखवला तर यादी आपोआप बंद, बरं वाटेपर्यंत.

नकार कोणीही देऊ शकायचं, पण एका अटीवर : ज्याच्या गोष्टीला नकार दिला त्याला बदल्यात काहीतरी द्यायचं. सासऱ्यांनी मुलीच्या सहलीला नकार दिला तेव्हा बदल्यात तिला रोज संध्याकाळी गच्चीवर फोन घेऊन जायची सूट दिली, आणि आजोबा, आई-बाबा कोणी मधे येणार नाही असंही लिहून दिलं. तिनं ते सहीसकट मागितलं.

लस आल्यावर कागद नव्यानं मांडला. मुलीची एक मैत्रीण होती त्याच्या तीन झाल्या. सासऱ्यांनी मागणी वाढवली नाही, उलट 'बाकावर हवा चांगली असते, तेच राहू द्या' म्हणाले. नवऱ्यानं या वेळी पहिल्यांदा काहीतरी मागितलं, ऑफिसच्या त्या मीटिंगाच. सासरे म्हणाले, खिडकी उघडणार असतील तर जा.